कर्ज मालकाचे, बेघर भाडेकरू!

कोणत्याही दैनिकाची आतली पाने उलगडली की बारीक टाइपातल्या काही चौकटी हटकून दृष्टीस पडतात. 'ताबा नोटीस' हा त्यांचा मथळा. अमुक कर्जदाराने बँकेचे कर्ज थकविले, साठ दिवसांच्या मुदतीत ते फेडले नाही, सबब अमुक सी. टी. एस. नंबरची मालमत्ता बँकेने ताब्यात घेतली आहे. जनतेने तिच्यासंबंधी कोणताही व्यवहार करू नये, अशा आशयाचा मजकूर त्यांत असतो. थकलेल्या रकमेचा रुपया अन् रुपया तेथे नमूद असतो. चतुःसीमा असते, क्षेत्रफळ असते, कर्जदाराचे व त्याच्या जामीनदारांचे नाव असते. नसते ते फक्त एक नाव : त्या घरात आज जो चूल मांडून राहिला आहे, त्याचे. त्याने कर्ज काढलेले नसते, कोणाला जामीन दिलेला नसतो, भाड्याचा एक महिनाही चुकविलेला नसतो. तरीही ज्या दिवशी बँकेचा अधिकारी पोलीस बंदोबस्तासह दारात उभा राहतो, त्या दिवशी भांडीकुंडी रस्त्यावर येतात ती त्याची. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे जुनी आहे. तिला कायद्याची मोहोर लागलेली पाहावयाची असेल तर गहाण पडलेल्या घरातील भाडेकरूकडे पाहावे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या इमारतींपुरता आहे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाकडे एकवार दृष्टी टाकावी. बेळगावातील शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत राहत्या खोलीतच माग चालविणारी विणकर कुटुंबे आहेत. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांतून राबणारे कामगार अनगोळ, टिळकवाडीच्या मागल्या गल्ल्यांतून भाड्याने राहतात. १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे ठाणे येथे झाले, वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली, तसा विद्यार्थी व नोकरदारांचा ओघ वाढला आणि कर्ज काढून माडीवर माडी चढविणारा घरमालकही वाढला. निपाणीत तंबाखूच्या वखारींवर आणि विड्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांची तीच कथा. त्या घरावर बँकेचा बोजा आहे काय, हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. भाडेकरू पाणी किती वेळ येते हे विचारतो, मालक भाडेकरू किती माणसे आहेत हे विचारतो, आणि व्यवहार ठरतो.

आणि तो ठरतो कसा? बहुतेक वेळा तोंडी. फार झाले तर मुद्रांक कागदावर अकरा महिन्यांचा करार आणि नोटरीचा शिक्का. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविलाच पाहिजे, असे कायदा म्हणतो. म्हणून बारा महिन्यांतला एक महिना कापून नोंदणीचा खर्च वाचवावयाचा, ही युक्ती आता सर्वमान्य झाली आहे. त्याखेरीज कर्नाटकात रूढ असलेला आणखी एक प्रकार आहे, 'भोग्य' किंवा व्यवहारातल्या शब्दात 'लीज'. भाडेकरूने दोनतीन वर्षांसाठी काही लाखांची रक्कम एकदम मालकाच्या हाती द्यावयाची, दरमहा भाडे द्यावयाचे नाही, आणि मुदत संपली की मालकाने ती रक्कम बिनव्याजी परत करावयाची. मालकाला एकरकमी पैसा मिळतो, भाडेकरूला महिन्याच्या महिन्याची ददात राहत नाही. दोघेही खूश! परंतु घर गहाण असेल आणि मालकाचे हप्ते थकले असतील, तर या व्यवहाराचा दुसरा अर्थ असा, की भाडेकरूने आपली आयुष्याची पुंजी एका बुडत्या माणसाच्या हाती, कसलेही तारण न घेता, उसनी दिली. बँकेने कर्ज देताना घर तारण घेतले. भाडेकरूने लाखो रुपये देताना केवळ शब्द घेतला.

या ठिकाणी कायदा काय सांगतो, आणि पूर्वी काय सांगत होता, हे पाहणे उद्‌बोधक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे तत्त्व साधे होते. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याकडे जातो. घर भाड्याने दिलेले असेल तर नव्या मालकाला ते भाडेकरूसह मिळते. तो मालकाच्या जागी येतो, भाडेकरू आहे तेथेच राहतो. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता याच्याही पुढे गेली. तिच्या एकविसाव्या आदेशात एक नियम आहे. डिक्रीच्या अंमलात विकली गेलेली मालमत्ता कायदेशीर भाडेकरूच्या ताब्यात असेल, तर त्याला उठवावयाचे नाही. वॉरंटाची प्रत ठळक जागी चिकटवावयाची आणि दवंडी पिटून जाहीर करावयाचे की आता या मालमत्तेचा मालक बदलला आहे. याचाच अर्थ, खरेदीदाराला ताबा मिळाला तो कागदोपत्री, आणि घरातल्या चुलीला धक्का लागला नाही. कोणी तिसऱ्याने हक्क सांगितला तर त्याची चौकशी त्याच संहितेखाली, गावच्याच दिवाणी न्यायालयात होत असे, आजही होते. परकी सरकारच्या कायद्यांविरुद्ध ज्या पिढीने लढा दिला, तिला त्या सरकारची भलावण करण्याची हौस नाही. परंतु सत्य सांगितलेच पाहिजे. त्या दवंडीच्या नियमात राहणाऱ्या माणसाची जी दखल होती, ती स्वतंत्र भारताच्या संसदेने २००२ साली केलेल्या कायद्यात सुरुवातीला नव्हती.

हा २००२ चा कायदा म्हणजेच बँकांच्या बोलीतला 'सरफेसी'. थकलेली कर्जे दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे कुजत पडतात, म्हणून बँकेला न्यायालयाचा उंबरठा न चढता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता यावी, हा त्याचा हेतू. कर्ज अनुत्पादित ठरले की तेराव्या कलमाखाली साठ दिवसांची मागणी नोटीस, त्यानंतर ताबा, मग लिलाव. ताबा घेताना विरोध होईल असे वाटल्यास चौदाव्या कलमाखाली जिल्हा दंडाधिकारी म्हणजे आपले जिल्हाधिकारी, किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी, यांच्याकडे अर्ज करावयाचा आणि सरकारी बळाने दार उघडावयाचे. दिवाणी न्यायालयांना यात हात घालण्यास चौतिसाव्या कलमाने मनाई केली. ज्याला दाद मागावयाची असेल त्याने कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे, तेही ४५ दिवसांच्या आत.

बँकांची बाजू आम्ही डोळ्यांआड करीत नाही. बँकेचा पैसा हा बँकेचा नसतो, तो ठेवीदाराचा असतो. आणि आपल्या भागात तो ठेवीदार म्हणजे निवृत्त शिक्षक, विधवा स्त्री, दुधाचे पैसे साठविणारा शेतकरी असतो. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला, तो निपाणीच्या शेजारच्या कागल तालुक्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणावरून. ५ मे २०२० रोजी पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिला की सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे. सहकारी बँका बुडाल्या तर काय होते, हे कोल्हापूर-सांगली-बेळगावच्या ठेवीदारांना कोणी शिकवावयास नको. तेव्हा वसुली झाली पाहिजे, आणि वेळेवर झाली पाहिजे, याविषयी दुमत असू नये. शिवाय हेही खरे, की ताबा टळावा म्हणून कर्जदार आपल्या मेहुण्याला किंवा पुतण्याला रातोरात भाडेकरू बनवितो, मागल्या तारखेचा करार तयार करतो, आणि हा उसना भाडेकरू मग न्यायाच्या नावाने टाहो फोडतो. अशा सोंगांना थारा मिळता कामा नये. परंतु सोंगे आहेत म्हणून खरा माणूसही सोंगच समजावयाचा काय? सुक्याबरोबर ओले जळावे, हा वणव्याचा न्याय झाला, कायद्याचा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा पेच वारंवार आला, आणि त्याच्या निकालांचा प्रवास लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. इंटरनॅशनल अ‍ॅसेट्स रिकन्स्ट्रक्शन कंपनीच्या खटल्यात ३ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले, की गहाणापूर्वीचा वा कायदेशीर रीतीने झालेला भाडेपट्टा सरफेसीने आपोआप संपत नाही, आणि भाडेकरूला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याखेरीज दंडाधिकाऱ्याने त्याला हुसकावू नये. बँक ऑफ इंडियाच्या खटल्यात २० जानेवारी २०१६ रोजी न्यायालय आणखी पुढे गेले : राज्याच्या भाडेनियंत्रण कायद्याने दिलेले संरक्षण सरफेसीच्या मार्गाने हिरावून घेता येणार नाही. मुंबईच्या भाडेकरूंनी त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकला. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून, १ सप्टेंबर २०१६ पासून, भाडेकरूचा हक्क खरा की खोटा हे ठरविण्याचा अधिकार कर्जवसुली न्यायाधिकरणास दिला. भाडेकरूला दाद मागावयास एक दार मिळाले, हे चांगले झाले. मात्र ते दार कोठे आहे, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

यानंतर वारे फिरले. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या खटल्यात ११ सप्टेंबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी भाडेकरूंचे जणू तीन वर्ग पाडले. गहाणाच्या आधीपासून कायदेशीर भाडेकरू असेल, तर त्याचा ताबा बँकेने मोडू नये. गहाणानंतर पण मागणी नोटिशीपूर्वी आलेला असेल, तर त्याचा भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६५-अ कलमातील अटींत बसला पाहिजे. आणि नोटिशीनंतर बँकेच्या संमतीवाचून आला असेल, तर त्याला कायद्याचा आधार नाही. शिवाय, ज्याच्याकडे नोंदलेला करार नाही त्याला एक वर्षापलीकडे राहण्याचा हक्क सांगता येणार नाही. २०२२ मध्ये न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की चौदाव्या कलमाखालील दंडाधिकाऱ्याचे काम केवळ कार्यकारी स्वरूपाचे; वादाचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. म्हणजे २०१४ साली बेळगावच्या भाडेकरूला आपल्याच जिल्ह्यात आपले म्हणणे ऐकविण्याची जी सोय दिसली होती, ती व्यवहारात मावळली.

तर्कदृष्ट्या या वर्गवारीत खोट काढणे अवघड आहे. परंतु ती सीमाभागातील वस्तुस्थितीला लावून पाहा. समजा, शहापुरातील एका विणकराने पाच लाख रुपये भोग्यापोटी देऊन घर घेतले. मालकाने ते घर वर्षभरापूर्वीच बँकेत गहाण टाकलेले होते. विणकराला त्याची गंधवार्ता नाही. हा झाला दुसऱ्या वर्गातला भाडेकरू. आता ६५-अ कलमाच्या अटी काय? भाडे बाजारभावाप्रमाणे रास्त असावे, आणि कोणतीही एकरकमी रक्कम घेतलेली नसावी, कोणतेही भाडे आगाऊ घेतलेले नसावे! ज्या पद्धतीने कर्नाटकातील असंख्य सामान्य कुटुंबे घर घेतात, तीच पद्धत या अटीवर पहिल्या पावलालाच अडखळते. त्यातून गहाणखतांत बहुधा असे कलम असते, की बँकेच्या लेखी संमतीखेरीज घर भाड्याने देऊ नये. मालकाने ते कलम मोडले, शिक्षा विणकराला. त्याचा करार नोंदलेला नाही, कारण नोंदणीचा आग्रह धरला असता तर त्याला घरच मिळाले नसते. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. खरे तर अक्कल असते, पर्याय नसतो.

मग भाडेनियंत्रण कायदा या विणकराच्या मदतीस येतो काय? येथे सीमाभागाच्या इतिहासाचा संबंध येतो. बेळगाव मुंबई राज्यात होते तेव्हा येथील भाडेकरूच्या पाठीशी १९४७ चा मुंबईचा भाडेकायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६१ चा म्हैसूरचा भाडेनियंत्रण कायदा त्या जागी आला. आणि ३१ डिसेंबर २००१ पासून 'कर्नाटक भाडे कायदा, १९९९' अंमलात आला. या कायद्याने आपले छत्र फार आखडून घेतले. काही शहरी भागांत दरमहा ३,५०० रुपये आणि इतरत्र २,००० रुपये, याहून अधिक भाड्याच्या घरांना तो लागूच नाही. दुकानाची जागा १४ चौरस मीटरहून मोठी असेल तर तिलाही नाही. आज या भाड्यात बेळगावात कुटुंबाला पुरेल असे घर मिळते काय, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे. परिणाम असा, की २०१६ च्या निकालाने ज्या संरक्षणाला हात लावू नये म्हटले, ते संरक्षण बेळगाव-निपाणीच्या बहुसंख्य भाडेकरूंना मुळात उरलेलेच नाही. निपाणीहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात महाराष्ट्राचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा आहे. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी तो घरमालकावर टाकतो, आणि मालकाने ती पाळली नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा नसेल तर, ग्राह्य धरतो. तेथेही आता 'लिव्ह अँड लायसन्स'च्या पळवाटेने भाडेकरूचा हक्क पोकळ केला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कागद न करण्याचा दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे निराळे मिळते, एवढे खरे.

आता त्या दाराची गोष्ट. कर्नाटकातील कर्जवसुली न्यायाधिकरणे बेंगळुरूस बसतात. बेळगावहून बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर. निपाणीहून त्याहूनही सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर दूर. विडी वळणाऱ्या बाईने किंवा माग चालविणाऱ्या माणसाने ४५ दिवसांच्या आत वकील शोधावा, शुल्क भरावे, कागद इंग्रजीत तयार करावेत आणि तारखांना हजर राहावे, अशी अपेक्षा आहे. अर्ज आता संगणकावरून दाखल करता येतो, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्याजवळ भाड्याची पावतीही नाही, त्याला संगणकाचा काय उपयोग? उच्च न्यायालयाचे पीठ धारवाडला आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते पीठ ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरास सुरू झाले. न्याय माणसाच्या दारी गेला पाहिजे हे तत्त्व दोन्ही राज्यांनी मान्य केले आहे. मग बँकेच्या बळापुढे उभ्या असलेल्या सर्वांत दुबळ्या पक्षकारानेच तेवढे सर्वांत दूर का जावे?

भाषेचा प्रश्न तर या भागात प्रत्येक प्रश्नाच्या पाठीमागे उभाच असतो. ताबा नोटीस दोन वृत्तपत्रांत छापावी, त्यांतले एक देशी भाषेतील असावे, असा नियम आहे. ती देशी भाषा कोणती, हे नियम सांगत नाही. वडगावात किंवा निपाणीत नोटीस कानडी दैनिकात दिली तरी नियम पाळला जातो, मराठी दैनिकात दिली तरी पाळला जातो. मात्र घरात राहणारा माणूस कोणती भाषा वाचतो, हा प्रश्न नियमाला पडत नाही. निपाणीतील मराठी भाडेकरूला कानडी नोटीस जशी निरुपयोगी, तशी त्याच गल्लीतील कानडी भाडेकरूला मराठी नोटीस. हा अभिमानाचा वाद नाही, घर वाचविण्याच्या संधीचा प्रश्न आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या अखिल भारतीय सुरक्षा-योजनेप्रमाणे, ज्या प्रदेशात १५ टक्के वा अधिक लोक अल्पसंख्य भाषा बोलतात, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्यावयाच्या असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी हे तालुके ही अट केव्हाच पूर्ण करतात. माणसाचे घर रिकामे करणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश ही महत्त्वाची सूचना नसेल, तर महत्त्वाची म्हणावे तरी कशाला?

घर गेल्यावर पैशाचे काय? सरफेसीच्या तेराव्या कलमातच लिलावातून आलेल्या रकमेच्या वाटपाचा क्रम दिला आहे. आधी वसुलीचा खर्च, मग बँकेचे येणे, आणि काही उरलेच तर हक्कदाराला. भाडेकरूच्या अनामतीचे नाव या क्रमात नाही. त्याने मालकावर दिवाणी दावा लावावा. आणि मालक तर आधीच कर्जात बुडालेला! कुळकायद्यांनी कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क मान्य केला, ही आपल्या लोकशाहीची मोठी कमाई होय. घरात राहणाऱ्याला घराची मालकी द्या, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याने दिलेला पैसा तरी परत मिळावा, इतकेही त्याच्या वाट्यास येऊ नये काय?

इतर देशांनी हा प्रश्न अशक्य म्हणून सोडून दिलेला नाही. अमेरिकेत २००८ च्या सुमारास गृहकर्जांचा डोलारा कोसळला, आणि भाडे नियमित भरणारी कुटुंबे मालकाच्या कर्जापायी रस्त्यावर येऊ लागली. मे २००९ मध्ये तेथील काँग्रेसने कायदा केला. घर बँकेने घेतले तरी खऱ्या भाडेकरूला किमान ९० दिवसांची नोटीस द्यावी, आणि खरेदीदार स्वतः राहावयास येणार नसेल तर चालू भाडेकराराची मुदत पाळावी. खरा भाडेकरू कोण, हेही कायद्याने ठरविले. तो कर्जदार किंवा त्याची पत्नी, मूल वा आईबाप नसावा, आणि भाडे बाजारभावापेक्षा फार कमी नसावे. म्हणजे सोंगाड्यांची वाट बंद करूनही प्रामाणिकाला अवधी देता येतो. हा कायदा २०१४ अखेर संपला होता. २०१८ मध्ये तो कायमचा पुनरुज्जीवित करण्यात आला. ब्रिटनने २०१० च्या कायद्याने, बँकेच्या संमतीवाचून ठेवलेल्या भाडेकरूलाही दोन महिन्यांपर्यंत ताबा पुढे ढकलून मागण्याची मुभा दिली. दक्षिण कोरियाचे उदाहरण तर आपल्या भोग्याला तंतोतंत लागू पडते. तेथेही 'जोन्से' नावाची एकरकमी अनामतीची पद्धत आहे. १९८१ च्या गृहभाडे संरक्षण कायद्याने तेथे भाडेकरूने राहण्याची नोंद केली व करारावर तारखेचा सरकारी शिक्का घेतला, की लिलावात त्याच्या अनामतीला क्रम मिळतो. लहान अनामतीचा ठराविक भाग तर बँकेच्याही आधी मिळतो. एवढे असूनही तेथे अनामती बुडविण्याचे प्रकार माजले, तेव्हा जून २०२३ पासून खास कायदा अंमलात आणून, नाडल्या गेलेल्या भाडेकरूंना ते घर लिलावात प्रथम विकत घेण्याचा हक्क देण्यात आला. या देशांतल्या बँका त्यामुळे बुडाल्या नाहीत.

तेव्हा आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. पहिली, कर्ज देतानाच घरात कोण राहते, कधीपासून आणि किती अनामत देऊन, याची नोंद बँकेने जागेवर जाऊन करावी. घराची किंमत ठरविण्यास माणूस पाठविणाऱ्या बँकेला हे जड नाही. ही नोंद असली की मागाहून उगवणारे खोटे भाडेकरू आपोआप उघडे पडतील, म्हणजे ती बँकेच्याही हिताचीच आहे. दुसरी, साठ दिवसांच्या मागणी नोटिशीची प्रत प्रत्यक्ष राहणाऱ्याला, त्याला वाचता येईल अशा भाषेत, त्याच दिवशी मिळावी. दारावर पोलीस येईपर्यंत त्याला अंधारात ठेवण्याचे कारण नाही. तिसरी, कर्जदाराशी नाते नसलेल्या आणि भाडे नियमित भरणाऱ्या भाडेकरूला, त्याचा कागद कच्चा असला तरी, किमान तीन महिन्यांचा अवधी कायद्यानेच द्यावा आणि त्या काळातील भाडे बँकेने घ्यावे. चौथी, लिलावाच्या वाटपक्रमात लहान अनामतीला एका मर्यादेपर्यंत अग्रक्रम द्यावा. पाचवी, न्यायाधिकरणाने उत्तर कर्नाटकासाठी बेळगाव किंवा हुबळी-धारवाड येथे ठराविक दिवशी बैठका घ्याव्यात.

यांतल्या बऱ्याच गोष्टी केंद्राच्या हातच्या आहेत, आणि बेळगाव, चिक्कोडीच्या खासदारांनी त्या संसदेत मांडावयास हव्यात. परंतु भाडे कायद्यातील ३,५०० आणि २,००० रुपयांच्या कालबाह्य मर्यादा वाढविणे, आणि गहाण घर भाड्याने देताना बोजा लपविणाऱ्या मालकास दंड ठेवणे, हे बंगळुरूच्या सरकारला कोणाचीही वाट न पाहता करता येईल. हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे आहे. त्या वास्तूच्या परिसरातील भाडेकरूंचा हा प्रश्न त्या सभागृहात निघावा, ही अपेक्षा वावगी नाही. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. पण निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी भाडेकरूला डोक्यावर छप्पर लागणारच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही राज्याला निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायदा बदलेपर्यंत भाडेकरूंनी स्वतःही सावध झाले पाहिजे. घर घेण्यापूर्वी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून बोजाचा दाखला, म्हणजे ई. सी., काढावा. केवळ कागदपत्रे बँकेत ठेवून केलेले गहाण जुन्या दाखल्यात दिसेलच असे नाही. म्हणून २०११ पासून सुरू असलेल्या 'सरसाई' या केंद्रीय नोंदणीतही अल्प शुल्क भरून शोध घ्यावा. भाडे आणि अनामत रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी, म्हणजे तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो. पावत्या, विजेची बिले, मुलांच्या शाळेचे दाखले, शिधापत्रिकेवरील पत्ता, हे सारे जपून ठेवावे. तोंडी भाडेकरूला न्यायाधिकरणासमोर हेच साक्षीदार उपयोगी पडतात. एका वर्षाहून अधिक राहावयाचे असेल आणि भोग्यापोटी लाखांची रक्कम द्यावयाची असेल, तर नोंदणीचा खर्च हा खर्च नसून विमा समजावा. आणि घर गहाण असल्याचे कळले तर बँकेची लेखी संमती हाती आल्याखेरीज एक पैसाही देऊ नये. दारावर नोटीस दिसली तर ती फाडू नये आणि मालकाच्या 'मी बघतो' या आश्वासनावर विसंबू नये. त्या दिवसापासून ४५ दिवसांची मोजणी सुरू झाली असे समजून वकील गाठावा. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे.

शेवटी हा प्रश्न बँक विरुद्ध भाडेकरू असा नाहीच. ठेवीदाराचा पैसा आणि भाडेकरूचे घर, दोन्ही एकाच सामान्य माणसाची असतात. पुष्कळदा तर ठेव ठेवणारा आणि भाड्याने राहणारा एकच असतो. दोघांच्या मध्ये उभा असतो तो कर्ज घेऊन ते दडविणारा मालक, आणि आज कायद्याचे सगळे ओझे त्याच्या खांद्यावरून घसरून जो सर्वांत खाली उभा आहे त्याच्या डोक्यावर पडते. १९०८ च्या संहितेला दवंडी पिटण्याची तरी बुद्धी होती. आजच्या कायद्याने दवंडीची जागा वर्तमानपत्राच्या बारीक टाइपाला दिली, आणि ज्याच्यासाठी ती पिटावयाची त्यालाच वगळले. त्या चौकटीत आणखी एक नाव लिहिले जावे, घरात राहणाऱ्याचे. आणि ते नाव लिहिल्यानंतर त्याचे म्हणणे त्याच्या गावात, त्याच्या भाषेत ऐकले जावे. न्यायाची एवढी किमान मागणीही जर आपल्या संसदेला आणि विधिमंडळाला जड वाटत असेल, तर कायद्याचे राज्य हे शब्द निदान भाड्याच्या घरात राहणाऱ्यांपुढे तरी कोणी उच्चारू नयेत.